आज गळणारे केस आणि तीन महिन्यांपूर्वीचा ताप

परवा राजोडीच्या एक मावशी मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. कागदाच्या पुडीत केसांचा गुंता. "डॉक्टर, बोअरचं खारट पाणी बाधलं हो. टक्कल पडलं तर हिचं लग्न कसं जमायचं?" मुलगी मान खाली घालून बसलेली. मी पाण्याऐवजी आजारपण विचारले. गणपतीत डेंग्यूचा ताप येऊन गेला होता. त्याला तीन महिने झाले होते, आणि उलगडा तिथेच झाला.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे. २ ते ६ वर्षे वाढ, दोन-तीन आठवडे मूळ आक्रसणे, मग तीनेक महिने विश्रांती आणि गळणे. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच. हे वेळापत्रक मुळाशी असलेल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडून सांभाळतात. निरोप कसा तयार करायचा ते जनुकांत लिहिलेले असते. 'विंट' हा निरोप मूळपेशींना जागे करतो, 'बीएमपी' त्यांना झोपवून ठेवतो. 'एफजीएफ-५' वाढ थांबवतो. त्याचे जनुक बिघडले की मांजर लांब केसांचे होते! एका निरोपाला तर शास्त्रज्ञांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव दिले आहे, 'सॉनिक हेजहॉग'. नावाला हसा, पण नवा केस खोल रुजायला तो लागतोच.

मोठ्या तापात पुष्कळ केस एकदम वाढ सोडून विश्रांतीत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो, आणि दोष पाण्याला किंवा साबणाला मिळतो.

केस तीन-चार दिवसांतच मुठीने निघू लागले तर गोष्ट निराळी. तिथे वाढते मूळच दुखावलेले असते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात असेच झाले. तिथेही प्रथम संशय पाण्यावरच गेला. पुढे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासात गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार आढळले. अशा वेळी, किंवा गोल चट्टा पडून केस गेले तर, घरी तेले बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

या मुलीला चट्टा नव्हता. भिंगातून पाहिले तर कपाळाजवळ बारीक नवे केस उगवत होते. ते मी मावशींनाही दाखवले. हिमोग्लोबिन मात्र साडेआठ निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.