थरावर थर : आठवणींचे चित्र

पावसाळा संपल्यावर एखाद्या जुन्या मातीच्या घराची भिंत जवळ जाऊन निरखून पाहावी. वरचा चुना कोठे तरी सुटलेला असतो. त्याखाली गेरू दिसतो, त्याखाली पांढरी माती, आणि अगदी आत मातीत मळलेले गवत डोकावते. वर्षानुवर्षे सणासुदीला घरातील स्त्रियांनी दिलेला एकेक हात तेथे एकावर एक साठलेला असतो. अशी भिंत म्हणजे त्या कुटुंबाची रोजनिशीच होय.

मिश्र माध्यमातील चित्र याच रीतीने तयार होते. कागद, कापड, सुतळी, वाळू आणि रंग एकाच पृष्ठावर थराथरांनी बसवावयाचे, म्हणजे चित्र डोळ्यांना दिसते तसेच बोटांनाही जाणवते. १९१२ साली पिकासो याने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रावर चिकटवले आणि चित्राच्या कडेने दोर बसविला. रंगविलेल्या चित्रात खऱ्या वस्तूने शिरावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. आपल्या शेजारच्या नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे रूळ व सुरी यांनी तैलरंग पसरीत, कागदाचे तुकडे दाबून उचलीत. त्यामुळे खालचा रंग वरच्या रंगातून उजळून दिसे.

परंतु साहित्य जमविले म्हणजे चित्र झाले असे नव्हे. मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले व नागपुरात चित्रकला शिकलेले सय्यद हैदर रझा सांगत की, लहानपणी चित्त स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे पाहावयास लावले होते. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांचे केंद्र बनला. अनुभव लहान असला तरी चालतो. तो स्वतःचा मात्र असावा लागतो.

आता आपल्या रामाकोन्याचेच उदाहरण घेऊ. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील छोटी गाडी २०१५ साली बंद झाली व तेथे मोठे रूळ आले. आज शाळेत शिकणाऱ्या बहुतेकांना ती आठवत नाही. मग तिचे चित्र आपण काढावे काय? अवश्य काढावे. गाडीचा प्रवास आजोबांचा. पण तो सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तुम्ही पाहिले, तो अनुभव तुमचा आहे.

प्रथम जाड पुठ्ठा घ्यावा. त्याच्या दोन्ही बाजूंस खळीने कागद चिकटवावा; एकाच बाजूस लावल्यास वाळताना पुठ्ठा वाकतो. नंतर खडबडीत थर द्यावा. कन्हानची बारीक वाळू धुऊन, वाळवून पांढऱ्या गोंदात कालवावी व रुळांखालच्या खडीच्या जागी लावावी. सुतळीचे रूळ करावेत, तरटाच्या तुकड्याचे शेत करावे. झाडाच्या सालीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, तर सालीची नक्षी कागदावर उमटते. तो कागदही उपयोगी पडतो. प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा. घाई केल्यास वरचा थर तडकतो किंवा सुटून येतो.

यानंतर पातळ रंग सर्वत्र फिरवून ओल्या फडक्याने हलकेच पुसावा. खोलगट जागी रंग राहतो, उंचवट्यावरून निघून जातो, आणि सारे पृष्ठ जणू जुने होऊन बोलू लागते. शेवटी एखाद्या ठिकाणी बोथट धारेने खरवडून खालचा थर उघडा करावा. काय झाकावयाचे आणि काय दिसू द्यावयाचे, हे ठरविणे हेच या कलेतील खरे काम होय.

एक सूचना ध्यानी ठेवावी. आजोबांनी जपून ठेवलेले गाडीचे जुने तिकीट मिळाले, तर ते कदापि चिकटवू नये. एकदा गोंद लागला की ते अखंड निघत नाही. त्याची छायाप्रत चिकटवावी आणि मूळ तिकीट त्यांच्या हाती परत द्यावे.

देताना त्यांच्याजवळ थोडे बसावे. गाडी रामाकोन्यास किती वाजता येई, तिच्यात कोण कोण चढे, हे विचारावे. चित्राचा सर्वांत खालचा थर तेथेच मिळेल, आणि तो मिळविण्यास उशीर करू नये.