साठ फुटांवरचे उड्डाण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकरावीतला माझा भाचा संगणकावर धरण फोडत बसला होता. विमान चालवण्याचा आभास निर्माण करणाऱ्या संगणक-प्रणालीला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. तिच्यावर युद्धातील खऱ्या मोहिमा पुन्हा उडवून पाहण्याचा छंद अनेकांना असतो. भाच्याने निवडली होती १६ मे १९४३ च्या रात्रीची, जर्मनीतील धरणांवरची ब्रिटिश मोहीम. तिसऱ्याच प्रयत्नात त्याचे म्योने धरण फुटले आणि त्याने विचारले, "मामा, इतकं सोपं होतं, तर त्यांची आठ विमानं का पडली?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात बरेचसे सापडते.

धरणांपुढे पाण्यात जाळी लावलेली होती, त्यामुळे पाण्याखालून टॉर्पेडो सोडणे व्यर्थ होते. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने त्यावर उपाय काढला. तळ्यावर चपटी खापरी भिरकावली की ती टप्पे घेत जाते. तसाच टप्पे घेत जाळ्यांवरून जाणारा बाँब त्याने तयार केला. पिंपाच्या आकाराचा, सुमारे ४२०० किलोग्रॅम वजनाचा हा बाँब विमानातच मिनिटाला ५०० फेऱ्या या गतीने उलट्या दिशेने फिरवून मग सोडायचा. भिंतीला धडकल्यावर या उलट्या फिरकीमुळे तो भिंतीला लगटूनच खाली जाई आणि सुमारे ९ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने त्याचा स्फोट होई.

तो किती उंचीवरून सोडायचा? आधी १५० फूट, म्हणजे सुमारे ४६ मीटर उंची ठरली होती. पण चाचण्यांत बाँबचे कवच पाण्यावर आपटून फुटू लागले. v² = 2gh हे सूत्र आपल्या परिचयाचे आहे. त्यानुसार ४६ मीटरवरून पडणाऱ्या बाँबचा पाण्याला भिडतानाचा उभ्या दिशेचा वेग सेकंदाला ३० मीटर येतो. उंची ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर केली, तर तो १९ मीटरपर्यंत उतरतो. विमानाचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर धरला, तर पाण्याशी होणारा कोन १७ अंशांवरून ११ अंशांवर येतो. उभ्या गतीची ऊर्जा तर अडीच पटींनी घटते. म्हणून ६० फूट ही उंची ठरली.

आता खरी अडचण सुरू होते. त्या विमानांतले नेहमीचे उंचीमापक हवेच्या दाबावर चालत. जमिनीलगत दर ८ मीटरांना दाब साधारण १ मिलिबारने बदलतो. शत्रूच्या प्रदेशात धरणावर त्या रात्री नेमका किती दाब आहे, हे कोण सांगणार? अंदाज ५ मिलिबारने चुकला, तर उंची ४० मीटरांनी चुकते. आणि विमान उडवायचे होते १८ मीटरांवर! तेव्हा विमानाच्या पोटाखाली पुढे व मागे एकेक दिवा बसवला. दोन्ही झोत असे तिरपे केले, की विमान बरोबर ६० फुटांवर असताना पाण्यावरची त्यांची वर्तुळे एकमेकांना चिकटावीत. एक जण खाली पाहून "वर, खाली" सांगे. मात्र हेच दिवे शत्रूच्या तोफांनाही विमान दाखवत.

भाच्याच्या पडद्यावर उंचीचा अचूक आकडा झळकत होता. तो कोणी मोजलेला नसतो. प्रणालीला तो ठाऊकच असतो. मी तो आकडा बंद करायला लावला आणि दृश्य रात्रीचे करायला सांगितले. पुढच्या चारही खेपांना विमान पाण्यात गेले. त्या रात्री एका विमानाचा बाँब जातानाच समुद्राच्या पाण्याला लागून निखळला होता. दोन विमाने विजेच्या वाहिन्यांना धडकून कोसळली. भाच्याच्या नकाशात त्या वाहिन्या नव्हत्याच. म्योने धरणही पाचव्या विमानाच्या बाँबनंतर फुटले. निघालेल्या १९ विमानांपैकी ८ परतली नाहीत. १३३ पैकी ५३ जण मृत्यू पावले.

झोतांचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. फूटपट्टीला ३० सेंटिमीटर अंतरावर दोन छोट्या विजेऱ्या बांधा. पट्टी टेबलापासून ६० सेंटिमीटर उंच धरली असता दोन्ही ठिपके एकत्र येतील, अशा त्या आत कलवा. आता पट्टी १० सेंटिमीटर वर न्या. ठिपक्यांत ५ सेंटिमीटर अंतर पडेल. असे का, हे विद्यार्थ्यांनी समरूप त्रिकोणांवरून सिद्ध करावे. पट्टी १० सेंटिमीटर खाली आणली तरी अंतर तितकेच पडते. मग आपण वर आहोत की खाली, हे कसे ओळखायचे? एका विजेरीवर लाल कागद लावून पाहा.

आणखी एक गोष्ट त्या पडद्यावर नव्हती. धरण फुटल्यावर 'मोहीम यशस्वी' अशी अक्षरे आली आणि खेळ संपला. प्रत्यक्षात पाणी तेव्हा दरीत नुकते शिरत होते. त्या पुरात तेराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत निम्म्याहून अधिक युद्धकैदी आणि सक्तीने आणलेले परदेशी मजूर होते. म्योनेच्या खाली नेहाइम गावाजवळच्या छावणीत कोंडलेल्या स्त्रियांची संख्या त्यांत मोठी होती. भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने नकाशात नेहाइम शोधले.

सिम्युलेटर हे एक प्रारूप आहे, आणि प्रत्येक प्रारूपात काही घेतलेले व काही वगळलेले असते. आदर्श वायू, घर्षणरहित उतार हीदेखील प्रारूपेच. ती शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखावेत: काय घेतले आणि काय वगळले. दुसरा रकाना विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावा.