आई, आकाश कुठं संपतं?

रात्री वीज गेलेली असते. उकाड्यानं जीव नकोसा होतो, म्हणून तुम्ही मुलांना घेऊन गच्चीवर सतरंजी टाकता. थोडा वेळ गप्पांत जातो आणि मग शेंडेफळ वर बोट करून विचारतं, "आई, आकाश कुठं संपतं?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, "आणि त्याच्या पलीकडे काय असतं?"

आपण काय करतो, सांगा बरं? "झोप आता, सकाळी शाळा आहे." नाहीतर, "बाबांना विचार." बाबा तरी काय सांगणार! तेही "मोठी झालीस की कळेल" म्हणून कूस बदलतात. खरं म्हणजे हा प्रश्न भल्याभल्या शास्त्रज्ञांना पुरून उरला आहे, आणि त्याच्या उत्तराची वाट मोकळी झाली ती एका बाईच्या चिकाटीमुळे. तेव्हा मैत्रिणींनो, मागचं आवरून झालं असेल तर चला माझ्याबरोबर गच्चीवर.

आधी अंतरं पाहू. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून इथं यायला त्याला सव्वा सेकंद पुरतो, सूर्यावरून ८ मिनिटांहून थोडं जास्त. सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा घेतला, तर तिथून निघालेला प्रकाश पोचायला ४ वर्षांहून अधिक लागतात. वर्षभरात प्रकाश जेवढं अंतर तोडतो ते एक प्रकाशवर्ष. आपली आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १ लाख प्रकाशवर्षांची, आणि आपला सूर्य तिच्या मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं बाजूला. म्हणजे भर पेठेत नव्हे, गावाबाहेरच्या वसाहतीतच आपलं बिऱ्हाड!

पण ही अंतरं मोजली कुणी आणि कशी? आकाशात काही टेप धरता येत नाही. रात्री दूरवर एक दिवा दिसतो. तो जवळचा चाळीसचा बल्ब आहे की लांबचा शंभरचा, हे नुसतं बघून कसं सांगणार? दिव्याचा खरा वॅट कळला तरच अंतर काढता येईल. ताऱ्यांचं नेमकं हेच कोडं होतं.

ते सोडवलं हेन्रिएटा लेव्हिट यांनी. जन्म १८६८ सालचा, अमेरिकेतला. हार्वर्ड वेधशाळेत आकाशाच्या फोटोंच्या काचा तपासायला बायका ठेवलेल्या होत्या. दुर्बिणीपाशी पुरुष आणि काचांपाशी बायका, अशी तिथली वाटणी. लेव्हिटबाई आधी बिनपगारी काम करत, पुढं त्यांना तासाला ३० सेंट मिळू लागले. कानांनी ऐकू येणं कमी कमी होत गेलेलं. दिवसच्या दिवस त्या काचांवरचे बारीक काळे ठिपके निवडत बसायच्या. तांदळातले खडे निवडणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या कामाची कल्पना यावी!

काही तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी होतात, मंद होतात, पुन्हा तेजस्वी होतात. एकाच तारकापुंजातले, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावरचे असे २५ तारे लेव्हिटबाईंनी १९१२ साली मांडून दाखवले. खाडीपलीकडच्या गावातले दिवे इथून सारखेच लांब, तेव्हा जो जास्त उजळ दिसतो तो खरोखरच मोठा, असा सरळ हिशेब. त्यात त्यांना आढळलं, की ज्या ताऱ्याचा फेरा लांब त्याचं तेज जास्त. झालं! ताऱ्याचा फेरा किती दिवसांचा ते मोजा, त्यावरून वॅट काढा, वॅटवरून अंतर. तो निबंध छापला गेला वेधशाळेच्या संचालकांच्या नावानं. हा मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला आहे, एवढं पहिल्याच वाक्यात म्हटलं होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पुढं १९२३ साली एडविन हबल यांना देवयानी नावाच्या तेजोमेघात असाच एक तारा सापडला. लेव्हिटबाईंच्या नियमानं अंतर काढलं, तर ते आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर! तोवर कितीतरी मोठमोठ्या विद्वानांना आपली आकाशगंगा म्हणजेच सारं विश्व असं वाटे. आता कळलं, की आपल्यासारख्याच आणखी आकाशगंगा आहेत. पुस्तकात त्यांना दीर्घिका म्हणतात. लेव्हिटबाई मात्र हे बघायला नव्हत्या. १९२१ च्या डिसेंबरात कॅन्सरनं त्या गेल्या. १९२५ साली नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवावं म्हणून स्वीडनच्या एका गणितज्ञांनी त्यांना पत्र लिहिलं. त्या हयात नाहीत हे त्यांच्या कानावरच गेलं नव्हतं.

असो. १९२९ साली हबल यांनी आणखी एक गोष्ट मांडली: दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्या आहेत, आणि जी जास्त लांब तिचा वेग जास्त. बेल्जियमच्या लमेत्र या पाद्रीबाबांनी हे दोन वर्षं आधीच गणितानं सांगितलं होतं. आता तुम्ही म्हणाल, सगळ्या आपल्यापासूनच दूर पळताहेत, म्हणजे विश्वाच्या मध्यभागी आपणच की!

शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक काढा. त्यावर पेनानं इंचाइंचावर खुणा करा आणि ताणून दुप्पट करा. शेजारची खूण एक इंचावरून दोन इंचांवर गेली, पाचवी मात्र पाचावरून दहावर. लांबची जास्त पळाली, पटलं? आता दुसऱ्या कुठल्याही खुणेवर बोट ठेवून बघा. तिलाही अगदी हेच दिसेल. प्रत्येकीला वाटेल, मीच मध्यावर. तेच इलॅस्टिक फ्रॉकच्या कमरेत गोल शिवून टाकलं, तर त्याला ना मध्य, ना टोक. विश्व असं कुठंतरी मिटलेलं आहे की सरळ अनंत पसरलेलं, याचा निकाल अजून लागलेला नाही. दोन्हींत मध्य मात्र नाहीच.

घोटाळा होतो तो 'महास्फोट' या शब्दानं. दिवाळीचा ॲटम बॉम्ब अंगणात एका जागी फुटतो आणि कपटे चहूकडे उडतात, तसंच काहीसं डोळ्यांपुढं येतं. तसं झालेलं नाही. स्फोट एका जागी नव्हे, सगळीकडेच झाला, कारण जागाच ताणली गेली. गंमत म्हणजे मूळचा 'बिग बँग' हा शब्द १९४९ साली रेडिओवर वापरला फ्रेड हॉईल यांनी, आणि त्यांना स्वतःला ती कल्पना मुळीच मान्य नव्हती! आपले जयंत नारळीकर त्यांचेच शिष्य.

आता कडेचं. होडीतून समुद्रात गेलं की चहूकडे क्षितिजाचं गोल कडं दिसतं आणि आपली होडी बरोबर मधोमध. मालवणच्या होडीचं कडं वेगळं, हर्णैच्या होडीचं वेगळं. समुद्र काही तिथं संपत नाही, संपते ती नजर. विश्वाचं तसंच. त्याचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. त्याहून जुना प्रकाश असणारच नाही, म्हणून त्यापलीकडचं दिसत नाही.

मग दिसणारी कड १३८० कोटी प्रकाशवर्षांवर? नाही हो! ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकवरून मुंगी चालली आहे असं समजा. तिनं मागं टाकलेला भागही ताणला जातोच आहे. ती या टोकाला पोचेस्तोवर निघाली ती जागा कितीतरी लांब गेलेली असते. त्या हिशेबानं आपल्या नजरेची कड आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे, चारी दिशांना तेवढीच.

त्या कडेचा पुरावाही आहे. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन या दोघांना आपल्या अँटेनात एक खरखर सारखी ऐकू येई. आत कबुतरांनी घरटं केलेलं. दोघांनी विष्ठा खरवडून काढली, सगळं लख्ख केलं, तरी खरखर जाईना! ती विश्वाच्या बाल्यातल्या उष्णतेची उरलेली धग होती. साफसफाईतून पुढं १९७८ चं नोबेल मिळालं. आपल्या साफसफाईला कोण विचारतो? जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या दिसायच्या, आठवतं? त्यांतली शंभरातली एखादी मुंगी त्या धगीची असे.

आता येत्या नोव्हेंबरात एक करा. चंद्र नसलेली रात्र बघून मुलांना गावाच्या दिव्यांपासून लांब न्या. माहेरचं शेत असेल तर उत्तमच. रात्री आठ-नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड केलं की इंग्रजी एमसारखी शर्मिष्ठा दिसेल. तिच्या दोन टोकांतलं जे जास्त अणकुचीदार, त्याच्या रोखानं वर डोक्याकडे बघत जा. तिथं देवयानी आहे. पुराणात दोघींचं भांडण जगजाहीर, पण आकाशात शेजारणी! तिथला एक पुसट पांढुरका डाग, फळ्यावरचा खडू बोटानं पुसावा तसा, तीच देवयानीची दीर्घिका. सरळ रोखून न बघता नजर जरा बाजूला ठेवली की चटकन दिसते. हा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला. लांबच्या मावशीचं पत्र यावं आणि त्यात तिकडची जुनी खबर असावी, तसा. मुलांना तेवढं सांगा. शेंडेफळ बहुधा म्हणेल, "एवढंसंच?" आणि मग पुन्हा विचारील, "त्याच्या पलीकडे काय?"