टायर बदलण्याआधी टायर वाचा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज पापड-लोणच्याचं बोलायचं नाही आणि शेळ्यांच्या लसीचंही नाही. आज बोलायचंय टायरबद्दल. हसू नका. आता कितीतरी गटांनी कर्ज काढून टेम्पो घेतलाय. कुणाची सून स्कूटीवर कामाला जाते, कुणाची लेक रिक्षा चालवते. पोट चाकावर आलंय, तर चाकाची चार गोष्टींची माहितीही आपल्याकडेच असायला हवी.

आधी आमच्या गटात काय झालं ते सांगते. आमचा छोटा मालवाहू टेम्पो आहे. गटातलीच एक ताई तो चालवते. गावातली भाजी तालुक्याच्या बाजाराला नेते, २२ किलोमीटर जायचं, २२ यायचं, मधे एक घाट. गेल्या दिवाळीत पुढचे दोन टायर नवे घातले. सात हजार रुपये गेले. आठ महिनेही झाले नव्हते, गाडी जेमतेम ९,००० किलोमीटर चालली होती, आणि एक दिवस पंक्चर काढायला चाक खोललं तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, ‘‘ताई, हे बघा.’’ टायरची आतली कड साफ गुळगुळीत झाली होती. एका जागी तर तार दिसत होती. बाहेरची कड मात्र नव्यासारखी. दुसऱ्या बाजूचं चाक खोललं, तर तिथंही तेच.

गटाच्या बैठकीत वादळ झालं. एक म्हणाली, ‘‘ही गाडी दामटते, वळणावर करकचून ब्रेक मारते.’’ दुसरी म्हणाली, ‘‘दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला.’’ तिसरीनं सुचवलं, ‘‘निम्मे पैसे हिच्या पगारातून कापा.’’ ताई खाली मान घालून बसली होती. तेवढ्यात आमच्यातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘भांडता कशाला? आधी तो टायर आणा हिथं.’’ टायर आणला. मावशींनी तो निरखून पाहिला आणि आपली चपल काढून शेजारी ठेवली. म्हणाल्या, ‘‘माझा गुडघा वाकडा, म्हणून चपल आतल्या बाजूनंच झिजते. दर वर्षी नवी घेते, तीही तिथंच झिजते. चपलेचा काय दोष?’’

मैत्रिणींनो, आजचं सगळं भाषण या एका वाक्यात आहे. झीज टायरवर दिसते, पण दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. ते कुठं आहे हे टायर स्वतःच सांगतो. फक्त तो वाचता यायला हवा.

टायरचं काम काय?

एवढी मोठी गाडी जमिनीला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण आपल्या पंजाएवढ्या जागेवर. तेवढ्याच जागेच्या जोरावर गाडी पळते, वळते, थांबते. गाडीचं आणि मालाचं ओझं खरं तर आतली हवा पेलते. रबर त्या हवेला धरून ठेवतं आणि रस्त्याला पकडतं. वरची जी खोल नक्षी असते ती शोभेची नाही. पावसात चाकाखालचं पाणी त्या खाचांमधून बाहेर जातं. नक्षी गेली की पाण्यावर चाक तरंगायला लागतं, आणि ब्रेक दाबला तरी गाडी सरकत जाते.

सगळं ठीक असेल तर टायर रुंदीभर सारखा झिजतो. तसा झिजला तर ती त्याची उमर झाली. पण एकाच जागी झिजला, तर समजा गाडी काहीतरी सांगतेय.

पहिली खूण: दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला

हवा कमी आहे. अर्धवट भरलेलं पोतं जसं मधे बसतं आणि बाजूंना पसरतं, तसं टायरचं होतं. ओझं मधल्या भागावर न येता दोन्ही कडांवर येतं. असा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त तापतो, डिझेलही जास्त खातो. कमी हवेत भरपूर माल लादून उन्हातान्हात गाडी पळवली, तर तापून टायर फुटू शकतो.

दुसरी खूण: मधला भाग झिजला, कडा चांगल्या

हवा जास्त आहे. टायर फुगून मधेच टेकतो. ‘‘माल जास्त आहे, टाका पाच हवा जास्तीची’’ असं अंदाजानं करणाऱ्यांच्या गाडीत हे दिसतं. अशा टायरची पकड कमी होते आणि खड्ड्यात मार जास्त बसतो.

स्कूटीची गोष्ट मात्र वेगळी. तिचा टायर गोल पाठीचा असतो आणि ती बहुतेक वेळ सरळच चालते. त्यामुळे मधला भाग आधी झिजणं तिथं नेहमीचं आहे. मागच्या चाकावर इंजिनचा जोर आणि बसणाऱ्यांचं वजन जास्त, म्हणून मागचा टायर आधी जातो.

तिसरी खूण: एकच कड झिजली

हेच आमच्या टेम्पोचं दुखणं. आतली किंवा बाहेरची एकच कड जात असेल, तर चाकं सरळ उभी नाहीत किंवा सरळ धावत नाहीत.

बैलगाडीचं बघा. एक बैल डावीकडं ओढतोय, दुसरा उजवीकडं. गाडी पुढं जाते, पण जू दोघांच्या मानेला घासतं. पुढच्या दोन चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकली, तर गाडी सरळ जाते पण दोन्ही चाकं थोडी आडवी घासत जातात आणि आतल्या कडा खातात. तोंडं आत वळली, तर बाहेरच्या कडा जातात. हा फरक डोळ्याला दिसत नाही. हिशोब करून बघा. चाकाची उंची अर्धा मीटर धरली आणि प्रत्येक चाकाच्या पुढच्या कडेत नि मागच्या कडेत फक्त ३ मिलिमीटरचा फरक पडला, तर प्रत्येक किलोमीटरला ते चाक ६ मीटर आडवं घासलं जातं. आमच्या बाजाराच्या एका खेपेत, ४४ किलोमीटरात, २६४ मीटर! वहाणेवर उभं राहून कुणी आपल्याला एवढं आडवं ओढलं, तर वहाण किती टिकेल?

दुसरा कोन चाकाच्या उभं राहण्याचा. चाकाचा माथा आत कलला तर आतल्या कडेवर ओझं येतं, बाहेर कलला तर बाहेरच्या. इथं एक गंमत सांगते. शहरात त्या ठेंगण्या, रुंद टायरच्या, वेगात पळणाऱ्या महागड्या गाड्या असतात ना, त्यांच्या मालकांचीही नेमकी हीच तक्रार असते, की टायर आतून लवकर जातात. त्या गाड्यांची चाकं कंपनीच मुद्दाम थोडी आत कललेली ठेवते. जोरात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा ते कललेलं चाक जमिनीवर नीट टेकतं आणि पकड मिळते. शिवाय पकडीसाठी त्यांचं रबरही मऊ असतं, आणि मऊ रबर लवकर झिजतं. तिथंही कलण्यापेक्षा चाकांची तोंडं थोडी फाकली असली तर टायर फार लवकर जातो. पण त्यांचं कलणं ही वेगासाठी मोजलेली किंमत आहे. आपल्या टेम्पोला ना वेग हवा, ना ती किंमत परवडते. आपल्या गाडीची एकच कड झपाट्यानं झिजत असेल, तर बिघाड आहे असंच धरा.

चौथी खूण: मधूनमधून खळगे, किंवा करवतीसारखे दात

टायरवर ठरावीक अंतरानं खळगे पडले असतील, तर शॉकअप गेलेला असतो, बेअरिंग ढिलं असतं किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. चाक रस्त्यावर उड्या मारत चालतं आणि जिथं आपटतं तिथं झिजतं. गाडी घूं-घूं आवाज करते, स्टिअरिंग थरथरतं. एकाच जागी सपाट डाग असेल, तर कधीतरी ब्रेक लागून चाक न फिरता घसटलं आहे. आणि हात आडवा फिरवल्यावर एकीकडून गुळगुळीत, उलट्या बाजूनं बोटांना अडकतं असं लागलं, तर ते पुन्हा चाकांची तोंडं वाकडी असल्याचंच लक्षण. हात फिरवण्याआधी डोळ्यांनी पाहा मात्र. तार बाहेर आली असेल तर बोट कापतं.

तपासायचं कसं?

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगडाची उटी लावा. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसते. आम्ही चुकलो ते इथंच. रोज गाडी पुसायचो, पण बाहेरून. आतली कड आठ महिन्यांत कुणी पाहिलीच नव्हती.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. ते कुठं आहेत ते दाखवायला टायरच्या बाजूवर लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. चारचाकीत तेव्हा खाच फक्त १.६ मिलिमीटर उरलेली असते. हे एकाच जागी झालं असलं तरी टायर संपलाच. ‘‘बाकी तर चांगला आहे’’ असं म्हणून चालवू नका.

हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी तपासा. चालून टायर तापला की आतली हवाही तापते आणि काटा जास्त दाखवतो. हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीला किती आणि भरलेल्या गाडीला किती. टायरवर जो आकडा असतो तो त्या टायरला सोसणाऱ्या जास्तीत जास्त हवेचा. तेवढी भरायची असा त्याचा अर्थ नाही.

नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे पाहा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला. पडून जुना झालेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

दुरुस्ती कुठल्या क्रमानं?

आधी हवा नीट करा. मग सांधे तपासून घ्या: टाय रॉड, बॉल जॉइंट, बुश, बेअरिंग, शॉकअप. काही ढिलं असेल तर आधी ते बदला. मग व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची तोंडं सरळ करून घेणं. नवा टायर त्यानंतर. सांधे ढिले ठेवून अलाइनमेंट केली तर पुढच्या खड्ड्यात ती पुन्हा बिघडते. नवे टायर घातले, मोठा खड्डा जोरात बसला, किंवा स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर अलाइनमेंट तपासून घ्या आणि मशिनवरचा आधीचा नि नंतरचा आकडा दाखवायला सांगा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून घ्या, म्हणजे सगळे सारखे झिजतात. त्याआधी गाडीच्या पुस्तकात तसं चालतं का ते पाहा, कारण काही गाड्यांना पुढं-मागं वेगळ्या मापाचे टायर असतात. आणि माल भरताना सगळी पोती एका बाजूला रचू नका.

आमच्या टेम्पोचं काय निघालं? तालुक्याच्या मिस्त्रीनं गाडी जॅकवर चढवली आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. खट्‌खट्‌ आवाज आला. दोन्ही टाय रॉडचे सांधे ढिले होते, त्यामुळे चाकांची तोंडं बाहेर फाकली होती. दिवाळीत टायर बसवणाऱ्यानं ते तपासलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सांधे आणि अलाइनमेंट मिळून जो खर्च आला तो दोन टायरच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी होता. तोच दिवाळीत केला असता तर सात हजार वाचले असते. आणि पावसाळ्यात, घाटात, मागं माल आणि शेजारी दोघी बसलेल्या असताना ती तार तुटली असती तर काय झालं असतं, त्याचा हिशोब कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही ताईची माफी मागितली. पगार कापला नाही. गटाच्या वहीत एक पान वाढवलं: तारीख, किलोमीटर, चारही चाकांची हवा, आणि प्रत्येक टायरची आतली, मधली, बाहेरची बाजू कशी आहे ते. दर सोमवारी सकाळी दोघीजणी मिळून पाहतात. दहा मिनिटं लागतात. हे काम एकट्या ड्रायव्हरवर टाकलेलं नाही, कारण गाडी सगळ्यांची आहे.

तुमच्या गटाची गाडी असेल तर आज घरी गेल्यावर एवढंच करा: स्टिअरिंग वळवा, खाली वाका आणि आतली कड पाहा. कुणाला बोल लावण्याआधी टायर काय म्हणतो ते ऐका. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.