रेल्वे स्थानकालगतच्या बहुउपयोगी मनोऱ्याची शाश्वत रचना : लंडनमधील 'द शार्ड'

प्रस्तावना :
महानगरात जमीन दुर्मिळ झाली की इमारतींची उंची वाढते. तथापि उंच इमारत उभारण्यास व चालविण्यास ऊर्जाही अधिक लागते. अशी इमारत पर्यावरणदृष्ट्या शाश्वत कशी ठरेल, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात 'द शार्ड'च्या आधारे केले आहे. लंडन ब्रिज स्थानकालगतचा सुमारे ३१० मीटर उंचीचा हा मनोरा २०१२ मध्ये पूर्ण झाला. इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी त्याचा आराखडा केला.

१. स्थाननिवड :
रेल्वे, भुयारी रेल्वे व बस या तिन्ही सेवा मनोऱ्याच्या पायथ्याशी उपलब्ध आहेत. म्हणूनच हजारोंची ये-जा असूनही वाहनतळात केवळ ४८ गाड्यांची सोय ठेवण्यात आली. इमारतीत येणाऱ्यांच्या प्रवासावर होणारा इंधनखर्च येथे आराखड्याच्या पातळीवरच आटोक्यात आला.

२. संमिश्र वापर :
खालच्या मजल्यांवर कार्यालये, त्यावर उपाहारगृहे, हॉटेल व सदनिका आणि शेवटी प्रेक्षक सज्जा अशी मांडणी आहे. कार्यालयांना विस्तीर्ण मजले लागतात, तर हॉटेल व सदनिकांना खिडकीलगतच्या खोल्या लागतात. वर निमुळता होणारा आकार या दोन्ही गरजा भागवितो. कार्यालयांची ऊर्जेची मागणी प्रामुख्याने दिवसा, तर हॉटेल व सदनिकांची सकाळी आणि रात्री असते. मागणी अशी विभागली गेल्याने वीज व उष्णता एकत्र निर्माण करणारे संयंत्र अधिक काळ उपयोगात राहते.

३. काचेचे आवरण :
बाह्य भिंतीत काचेचे दोन पदर असून त्यांमधील हवेशीर पोकळीत स्वयंचलित पडदे बसविले आहेत. उन्हाच्या तीव्रतेनुसार ते खाली येतात. त्यामुळे उष्णता आत शिरण्यापूर्वीच अडविली जाते व वातानुकूलनाचा भार घटतो.

४. मर्यादा :
या जागेवरील १९७० च्या दशकातील २४ मजली कार्यालयीन इमारत पाडून मनोरा उभारण्यात आला. जुन्या बांधकामात खर्ची पडलेली ऊर्जा त्यामुळे वाया गेली. संयंत्र नैसर्गिक वायूवर चालणारे आहे. वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा असताना अशी यंत्रणा निश्चितच लाभदायक होती; परंतु ब्रिटनमधील शेवटचे कोळसा वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झाले. सार्वजनिक वीज जसजशी स्वच्छ होते, तसतसा या यंत्रणेचा लाभ कमी होत जातो.

निष्कर्ष :
यंत्रणा कालांतराने जुनी होते व बदलता येते. स्थान मात्र बदलता येत नाही. स्थानकाशी जोडलेली जागा, मोजके वाहनतळ व परस्परपूरक वापर हे निर्णय दीर्घकाळ फलदायी ठरतात. शाश्वततेचे मूल्यमापन करताना प्रथम या निर्णयांचा, पाडलेल्या बांधकामाचा आणि त्यानंतरच यंत्रसामग्रीचा विचार होणे आवश्यक आहे.