ग्रीन कार्डच्या रांगेत तगून राहताना

नोकरीच्या आधारे अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं देते. अर्जदाराची बायकामुलंही त्यातच मोजली जातात. कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. आइसलँडला जी, तीच भारताला. भारतीयांची रांग दशकभराहून लांबते ती यामुळे.

या मर्यादेसाठी नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान पाहिलं जातं. त्यामुळे पुण्याच्या इंजिनिअरची बायको मस्कतला जन्मलेली असेल, तर त्याला तिच्या जन्मदेशाच्या रांगेतून जाता येतं. आखाती नोकऱ्यांचा असाही फायदा!

खरी ठेव म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’, रांगेत नाव लागल्याची तारीख. कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला, की नोकरी बदलली तरी ही तारीख सहसा टिकते. नव्या कंपनीला कागदपत्रं पुन्हा करावी लागतात, पण रांगेतली जागा जात नाही. २००० सालच्या कायद्यानुसार एच-१बी हा नोकरीचा व्हिसाही सहा वर्षांपुढे, एका वेळी तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळतो. आय-१४०च्या मंजुरीपत्राची प्रत मात्र राजीनाम्याआधीच मागून घ्यावी. नंतर एचआर फोन उचलेलच असं नाही.

एच-१बीधारकाच्या जोडीदाराला २०१५पासून, आय-१४० मंजूर असल्यास, काम करण्याची परवानगी मागता येते.

सगळ्यात अवघड प्रश्न मुलांचा. २१ वर्षं पूर्ण झाली, की ती आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२च्या कायद्याने वयातून थोडी सूट दिली, पण ती आय-१४०च्या तपासणीत गेलेल्या काळापुरतीच. रांगेतली वर्षं त्यात धरत नाहीत. अशा अनेक मुलांना मग, अमेरिकेतच वाढूनही, विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो.