डोंगर नसलेल्या गावची पोरं

परभणीत डोंगर कुठाय, सांगा बरं? उंचावरून गाव बघायचं तर पाण्याच्या टाकीवरच चढावं लागेल. म्हणूनच नववीच्या अठरा पोरापोरींना कळसूबाईला न्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले होते मी!

बारी गावातून पहाटे निघालो. "ताई, अजून किती?" तासाभरात चाळीसदा ऐकलं. (तुम्ही पोरांना नेलंत तर शिट्टी आणि गूळ-शेंगदाणे विसरू नका. दोन्ही सारखेच कामी येतात.)

लोखंडी शिडीपाशी एक मुलगी थांबली. घरून परवानगी मिळवायला तिला आठ दिवस लागले होते. आता म्हणे, "मी इथंच बसते." भाषण मला सुचलंच नाही. तिच्या मागच्या पायरीवर उभी राहिले. दोघी मोठ्यानं पायऱ्या मोजत वर गेलो.

१६४६ मीटर. राज्यातलं सर्वांत उंच टोक. तिथं काळा दगड दाखवला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. असाच दगड झिजून आपल्या रानातली काळी माती झाली. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. ही प्रवरा पुढं गोदावरीला मिळते, पाणी जायकवाडीत जातं आणि डाव्या कालव्यानं आपल्या जिल्ह्यात येतं.

"म्हंजी आमच्या कापसाला हितलं पाणी?" तीच मुलगी. पुस्तकातला नकाशा तिला पाठ होता, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं.

उतरताना शिडीवर ती माझ्या पुढं होती. "ताई, खाली बघू नका हं!"